गिरणीवाल्याच्या खिशातला रुमाल

पप्पा, त्या दिवशी तो रुमाल तुम्ही ड्रायव्हरकाकांना का दिला नाहीत? ते खाकीत होते, मोकळे होते, जीपला टेकून विडी ओढत होते. एक हाक मारली असती तर आले असते. गावातल्या माणसाच्या खिशात कशाला ठेवलात? गेले कित्येक दिवस मी हा प्रश्न घेऊन फिरते आहे. भाजी निवडताना तोच, बसमध्ये तोच, लॅपटॉप उघडला तरी तोच. मला उत्तर येत नाही. ज्यांना आलं असतं ते तुम्ही, मी सातवीत असतानाच गेलात, आणि तेव्हा मला हा प्रश्न पडलेलाच नव्हता. तेव्हा ती माझ्यासाठी एक गमतीची गोष्ट होती.

तुम्हाला आधी हे सांगायला हवं की मी पोलीस आणि कुत्र्याचा पिक्चर लिहीत होते. हसू नका. मी बी.ए. झाले, आपल्या दोन्हीकडच्या घरांत पहिलीच. आईने पेढ्यांचा बॉक्स घेऊन पोलीस लाइनीतल्या आपल्या जुन्या खोलीपर्यंत जाऊन ते वाटले, तिथे आता आपल्याला ओळखणारं कोणी उरलेलं नाही तरी. नंतर मी इकडेतिकडे लिहिण्याची कामं केली, दुकानांच्या जाहिराती, शाळांची नाटकं. आणि मग नाशिकच्या गंगापूर रोडला, एका मिठाईच्या दुकानाच्या वर, एका दिग्दर्शकाने भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत मला बसायला खुर्ची मिळाली. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणते. वाईट माणूस नाही. जेवणाच्या वेळेला आपला डबा सगळ्यांपुढे सरकवतो. त्यांनी एका भिंतीवर रंगीत कागद चिकटवले होते आणि त्या कागदांवर आमचा अख्खा पिक्चर होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्या भिंतीपुढे उभं केलं. "हे बघ. पोलिसाला कुत्रा नकोय, कुत्र्याला पोलीस नकोय. पहिला अर्धा तास यावरच काढायचा. पब्लिक हसतं. मग एक संकट, एकाने दुसऱ्याचा जीव वाचवायचा. मग गाणं. इंटरव्हलला कुत्रा थेट मोठ्या साहेबावर भुंकतो, पोलिसाला वाटतं हाच बिघडला, आणि तो त्याला सोडून येतो. पुढे ताटातूट, पश्चात्ताप, परत भेट. आणि शेवटी?" शेवटचा कागद कोरा होता. तो भरण्यासाठी मी होते, कारण मुलाखतीत मी सांगितलं होतं की माझे वडील श्वान पथकात हवालदार होते.

मी म्हटलं, "पण सर, असं भांडण होत नाही. पिल्लू असल्यापासून दोघं बरोबर असतात. पुण्याला ट्रेनिंगही बरोबरच होतं."

"मग पिक्चर होत नाही," सर म्हणाले.

मी हसले, पण घरी जाताना ते डोक्यात राहिलं. खरंच, तुमच्यावर पिक्चर होत नाही पप्पा. तुमचं तुमच्या कुत्रीशी कधी भांडणच झालं नाही. भांडायची ती आई. ती डॉबरमन तुमच्या ताब्यात आल्यापासून आई तिला सवत म्हणायची. मला स्वयंपाकघरातली ती सकाळ अजून दिसते. तुम्ही उभ्याउभ्या चहा पिताय, कामावर जायची घाई आहे, आणि आई तव्यावरून नजर न काढता विचारतेय, "काय खाल्लं काल सवतीनं?" तुम्ही निरागसपणे सांगताय, दूध, अंडी, मटण. "बरं हाय. तिला मटण आन् मला मटकी. पुढल्या जल्मी मला कुत्रीच कर म्हणावं देवाला." तुम्ही हसताना तुमच्या मिशीला चहा लागतो. सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच ते एका पिवळ्या कागदावर लिहून भिंतीवर लावलं. मला फार भारी वाटलं होतं.

सरांना हवं होतं की हिरो जखमी होऊन दवाखान्यात पडल्यावर कुत्रीने खाणंपिणं सोडावं. मी सांगितलं की तुम्ही गेल्यावर तिने एक दिवस खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशी नव्या हवालदाराच्या हातून जेवली आणि लवकरच त्याच्याशी रुळली. आईला त्याचा किती राग आला होता! "एवढं केलं तिचं, आन् इसरली," असं ती कितीतरी दिवस म्हणत होती. सर म्हणाले, "हे कोणाला सांगू नकोस."

रविवारी तुम्ही मला मैदानावर न्यायचात. तुमचा तो गाठ मारलेला खाकी रुमाल माझ्याकडे द्यायचात, मी पळत जाऊन लपवायचा, आणि तिने शोधायचा. एकदा मी तो पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून वर अडकवला. ती खाली गोल गोल फिरून दमली, जीभ बाहेर काढून बसली, आणि मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मला कधी हात लावला नाहीत, पण त्या दिवशी तुमचा आवाज ऐकून मी रडले होते. "तिला हरवायचं नसतं. ती चोर शोधत नाही बाळा, चोर आपल्याला पाहिजे असतो. ती हा रुमाल शोधते. आज नाही सापडला तर उद्या ती नाकच खाली घालणार नाही." मग तुम्ही रुमाल काढून आणलात, गवतात टाकलात, तिला सापडू दिलात आणि तिच्या गळ्यात पडून कौतुक केलंत. तुमच्या कामाची ती रीतच होती. खरा माग हरवला, तपास तुटला, तरी परत निघण्याआधी कोणाकडे तरी रुमाल लपवायला द्यायचा आणि तिला तो शोधू द्यायचा. तिचा दिवस रिकामा जाऊ द्यायचा नाही.

आणि मग ते गाव. सायखेड्याच्या पुढचं, नदीकाठचं. नाव मी इथेही लिहीत नाही. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या, लोक तापलेले होते, तुम्हाला बोलावणं आलं. ती माग काढत काठापर्यंत गेली आणि पाण्यापाशी थांबली. मागे सगळं गाव जमलेलं. तुम्ही संध्याकाळी घरी येऊन ते सांगितलंत तेव्हा मी तुमच्या बुटांच्या नाड्या सोडत होते, आणि तुम्ही आमच्याबरोबर हसत होतात. गर्दीतल्या एकाच माणसाने तिच्यासाठी बादलीत पाणी आणलं, तो तिला घाबरला नाही, म्हणून तुम्ही हळूच त्यालाच रुमाल दिलात आणि गर्दीत जाऊन उभं राहायला सांगितलंत. तो पिठाच्या गिरणीचा मालक, अंगावर सगळं पीठ. तुम्ही तिला सोडलंत. ती माणसांतून वाट काढत गेली, त्याच्यापुढे बसली आणि भुंकली. "आणि गाव असं चिडीचूप," तुम्ही म्हणालात. "मी ओरडून सांगतोय, अहो खेळ आहे, खेळ आहे! रुमाल काढून दाखवला. तरी सगळे त्याच्याकडे बघतायत." आई हसली, मी हसले. नंतर ती गोष्ट मी कितीदा मागितली, पण तुम्ही ती परत कधी सांगितली नाहीत.

मी मात्र सांगितली. सरांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, नीट रंगवून. ती त्याच्यापुढे बसते आणि भुंकते, एवढं म्हटलं आणि सर खुर्चीतून उठले. "थांब! हाच आपला शेवट. अख्खं गाव, पांढरा शर्ट, काळी कुत्री. कोणालाच संशय नाही असा साधा माणूस, आणि ती सरळ त्याच्यापुढे. अरे, थिएटर डोक्यावर घेतील!"

"सर, पण तो चोर नव्हता."

"आपल्या पिक्चरमध्ये आहे ना."

सगळे हसले, मीही हसले. सरांनी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत गिरणीवाला असं लिहिलं. सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी येणार होती, आणि कथेला माझं एकटीचं नाव. मी घरी जाऊन आईला सांगितलं तेव्हा तिने तुमच्या फोटोपुढे दिवा लावला. "पडद्यावर येणार तुमचं," ती फोटोला म्हणाली. "तुमचं आन् सवतीचं."

तो प्रसंग मी लिहिला. पप्पा, खोटं बोलत नाही, तो फार चांगला उतरला. कुत्रीची पावलं, माणसांच्या धोतरांतून, साड्यांतून दिसणारी वाट, तिचं थांबणं. सरांनी तो दोनदा मोठ्याने वाचला. आणि त्यानंतर मला चैन पडेना. त्या दिवसानंतर त्या माणसाचं काय झालं? मला माहीतच नव्हतं. मी एक माणूस चोर करून टाकला होता आणि तो आहे की नाही हेसुद्धा विचारलं नव्हतं. शेवटी एक दिवस सुट्टी टाकून सायखेड्याची एसटी पकडली, पुढे रिक्षाने गेले.

गिरणी चालू होती. ते आता म्हातारे झालेत, पण पीठ तसंच, भुवयांवरही. मी तुमची ओळख सांगितली, त्या दिवसाच्या खेळावर पिक्चर लिहिते आहे हेही सांगितलं. त्यांनी पट्टा बंद केला, स्टूल पुसून पुढे केलं आणि म्हणाले, "हवालदारसाहेबांची लेक? बसा ताई, बसा. त्यांचं ऐकलं व्हतं. लय वाईट वाटलं."

कोपऱ्यात पोती होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, गहू का? "भरडा," ते म्हणाले. "ढोरांचा. माणसांचं दळण आता येत नाय जास्ती."

मग त्यांनी सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, पावसापाण्याचं सांगावं तसं. त्यांना कोणी चोर म्हटलं नाही. मोटारी चोरणारे पुढे पकडले गेले, बाहेरचे होते. "पण ताई, गिरणीचं कसं असतं, लोक डबा ठिवून जात्यात. कामं उरकून येत्यात, पीठ घिवून जात्यात. त्या दिसापासून बाया डबा ठिवून जाईनात. दळण हुईस्तवर समोर हुभ्या. बोलत काय नाय, नुसत्या जात्याकडं बघत. मग म्हणायच्या, येळ लागतो. मग दुसरी गिरणी झाली."

मी म्हटलं, "पप्पांनी तर सांगितलं होतं ना सगळ्यांना, की खेळ होता?"

"सांगितलं की. रुमाल दाखवला. पण कुत्रं खोटं बोलत नाय, हे समद्यांला ठावं." ते हसले. "आन् नंतर येत व्हते ना साहेब. दर म्हैन्याला. तुमाला म्हाइत नाय?"

मला माहीत नव्हतं. तुम्ही मोटरसायकलवर बाजरीचा डबा बांधून नाशिकवरून तिथे दळायला जात होतात. वर्दीत. गिरणीच्या दारात मोठ्याने म्हणायचात, "दळून ठेवा मालक, मी येतो तासाभराने," आणि डबा सोडून गावातून फेरी मारायचात. पोलीस आपलं दळण बिनघोर टाकून जातो हे गावाने बघावं म्हणून. तेव्हा मला आईचं बोलणं आठवलं. लाइनीत गिरणी असताना कुठून हे जाडंभरडं पीठ आणता, म्हणून ती चिडायची, आणि तुम्ही म्हणायचात की तिकडच्या जात्याची चव वेगळी आहे. मी विचारलं, "मग? फरक पडला?"

"खरं सांगू का? लोक म्हणायचे, पोलीस हजेरी घ्यायला येतोय याची. आजून संशय हाय म्हणून. साहेब आले नसते तर लवकर इसरले असते लोक."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं ताई? माणूस एवढ्या लांबून डबा घिवून येतोय. दळण घिवून निघाले की त्यांचा चेहरा बघायचा व्हता. त्यांच्या जिवाला बरं वाटतंय, तर येऊ दे म्हटलं."

म्हणजे तुम्ही तिच्याशी जे करत होतात तेच ते तुमच्याशी करत होते, पप्पा. तुमचा दिवस रिकामा जाऊ देत नव्हते. मी तिथे त्या स्टुलावर बसून होते आणि मला तुमचा राग आला, खूप माया आली, आणि परत राग आला. तो अजून पूर्ण गेलेला नाही.

तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली. माझ्याच वयाची असेल. "कशाचं चाललंय मामा? पिक्चरचं काय म्हणत होत्या या?" त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "कुत्र्याचा पिच्चर काढत्यात. गिरणी दाखवायची म्हणत्यात." ती खूश झाली, म्हणाली, "मग मलाबी घ्या गर्दीत." ती आत गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई सिन्नरकडची. तिला यातलं काय ठावं नाय." मग पट्ट्यावरचं पीठ बोटाने पुसत त्यांनी विचारलं, "ताई, त्यात मी चोर हाय का?"

मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." हे खोटं होतं. मग घाईघाईने म्हटलं, "मी खरं लिहू शकते. तुम्ही चोर नव्हतात, रुमालाचा खेळ होता, सगळं."

"खरं लिवलं तरी लोक इचारणारच ना, कोण व्हता तो गिरणीवाला. आता कुठं कोणाच्या ध्यानात नाय." ते एवढंच बोलले. मी लिहू नये असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

परतीच्या बसमध्ये मी उभीच होते, बसायला जागा असून. शाळेत, कॉलेजात मी एकच गोष्ट छातीठोकपणे मानत आले की खरं लिहावं, मग सगळं नीट होतं. आणि इथे खरं लिहिलं तरी तोच माणूस पुन्हा गर्दीत उभा राहणार होता. मला सरांची भिंत आठवत होती. इतके दिवस मी समजत होते की शेवट हा गोष्टीसाठी असतो. तो बघणाऱ्यांसाठी असतो. दोन तास त्यांनी नाक खाली घालून माग काढलेला असतो, त्यांना रिकाम्या हाताने घरी पाठवता येत नाही, उद्या ते परत यायला हवेत. म्हणून सर कोणाच्या तरी खिशात रुमाल ठेवतात. एवढं बरोबर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याच्या खिशात ठेवायचा त्याला पुढे त्याच गावात राहायचं आहे, हे भिंतीवर कुठल्याच कागदावर नव्हतं. त्या दिवशी नदीकाठी तुमच्याही ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गाव बदलू. सत्य घटनेची पाटी काढू. झालं?"

"गिरणी, सर? पीठ?"

"पीठ पाहिजे गं. पांढऱ्यावर काळं, तूच लिहिलंयस ना."

"त्या भागात तेवढ्यावरून ओळखतील. गिरणीवाला नको. गर्दीत कोणावर भुंकणंच नको."

"भावनिक होऊ नकोस. पहिलाच पिक्चर आहे तुझा."

मी नवा शेवट लिहून आणते म्हणाले. तो आठवडा मी घरात येरझाऱ्या घालत काढला. नव्या शेवटात कुत्री नदीपाशी थांबते. हिरो तिच्याकडे बघतो, आणि मग पुढचं काम स्वतः करतो. दारोदार जातो, विचारतो, चुकतो, परत विचारतो. चोर साध्या पोलिसी चौकशीत सापडतो, आणि गर्दी बघायला नसते. आईने वाचलं. तिने विचारलं, "म्हणजे तो भुंकल्याचा भाग नाही? तुझ्या पप्पांचं काहीच नाही राहिलं यात?" मी तिला गिरणीचं सगळं सांगितलं, डब्याचंही. तिने विळी पुढे ओढली. मग म्हणाली, "जाडंच यायचं ते पीठ. मी किती बोलले त्यांना." आणि भेंडी चिरायला लागली.

सरांनी नवा शेवट माझ्यासमोरच वाचला. "यात शिट्टी कुठे पडणार?" त्यांनी विचारलं. मग ते म्हणाले, "ठीक आहे, तुझ्या शब्दाखातर गिरणीवाला काढतो. तो प्रसंग कुठेच वापरणार नाही. पण शेवट दुसऱ्याकडून लिहून घेईन, आणि मग कथेला नाव त्याचं. चालेल?" मी चालेल म्हटलं. भिंतीवरचा तो कागद त्यांनी मलाच काढायला लावला. नोकरी गेली असं त्यांनी म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत एक मुलगा बसलेला होता. मी माझा डबा घेऊन खाली उतरले.

हे तुम्हाला पोचणार नाही, आणि गिरणीवाल्यांना पाठवायचाही काही विचार नाही. त्यांना फक्त फोन केला की पिक्चरमध्ये गिरणी नाही. "बरं झालं," ते म्हणाले, आणि मग, "सूनबाईला सांगतो, हिरमुसंल." आईला मी सांगितलंय की दुसरं काम मिळेल. मला खात्री नाही. रोज सकाळी उठून तयार होते आणि मग कुठे जायचं ते आठवत नाही.

माझा पहिला शेवट दुसऱ्यापेक्षा चांगला होता, पप्पा. खूप चांगला. वाचताना माझ्याच अंगावर काटा यायचा. काल मी लॅपटॉपमधून तो पुसून टाकला, आणि छापलेली पानं बंबात घातली.